वाचनात अडणारी मुले : ओळख, तपासणी आणि आधार

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. एका बाजूस गडचिरोली जिल्ह्याची हद्द, दुसऱ्या बाजूस गोठणगाव आणि इटियाडोहचा विस्तीर्ण जलाशय. भोवती जंगल, धानाच्या बांध्या आणि मिरचीची शेती. अशा दूरच्या भागातही आज शाळा आहे, पाठ्यपुस्तके वेळेवर पोचतात, मध्यान्ह भोजन शिजते आणि सहा वर्षांचे मूल पहिलीच्या हजेरीपटावर येते. परंतु हजेरीपटावर नाव असणे आणि पुस्तकातील चार ओळी वाचता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे.

तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात एक-दोन मुले अशी आढळतात की, ती तोंडी प्रश्नांची चटचट उत्तरे देतात, बाजारातील हिशेब बिनचूक करतात, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतात. मात्र पुस्तक उघडले की अडखळतात. कमळ हा शब्द ती प्रत्येक वेळी क, म, ळ असा सुटा सुटा उच्चारतात आणि पुढच्या ओळीत तोच शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. अशा मुलाविषयी बहुधा ‘लक्ष नाही’, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही’ असा निर्णय होतो. आपल्या भाषेत तर अशा मुलासाठी एक अक्षरच राखून ठेवलेले आहे. ब्राह्मी लिपीपासून ज्याचे वळण फारसे बदलले नाही ते ढ हे अक्षर, म्हणून जो शिकून बदलत नाही तो ‘ढ’, अशी त्याची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, या एका अक्षराने किती मुलांची शाळा सुटली याची गणती कोणी केलेली नाही.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात ठेवता येत नसे. २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही आपल्या नियमांत बदल करून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. अनुत्तीर्ण मुलास पुनर्परीक्षेची संधी आहे. तीतही अपयश आले तर त्याला त्याच इयत्तेत राहावे लागते. म्हणजे तिसरीत जे मूल वाचू शकले नाही आणि ते का वाचू शकले नाही असे कोणी विचारले नाही, त्याच्यावर पाचवीत नापासाचा शिक्का बसतो. आठवीत हीच गोष्ट मुलीच्या बाबतीत घडली तर ती पुढे शाळेत राहीलच याची शाश्वती नाही. कारण शोधण्यास हाती असलेला अवधी तिसरी ते पाचवी एवढाच आहे.

डिसलेक्सिया म्हणजे काय

डोळे उत्तम, कान उत्तम, बुद्धी सामान्य किंवा त्याहून सरस आणि शिकवणेही पुरेसे. असे असूनही वाचन-लेखनात सतत अडचण येत राहिली, तर त्या अवस्थेस डिसलेक्सिया असे म्हणतात. १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी हा शब्द योजला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो हुशार होता, गणित चांगले करी; पण छापील शब्द त्याला ओळखू येत नसत. दोष डोळ्यांत असावा, असे त्या काळी वाटले होते. पुढील संशोधनाने हे मत मागे पडले. शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकणे, प्रत्येक ध्वनी त्याच्या चिन्हाशी जोडणे आणि ही जोडणी इतकी सरावाची करणे की तिच्याकडे लक्षच द्यावे लागू नये, या कामात अशा मुलांचा मेंदू निराळ्या गतीने चालतो. ही अवस्था पुष्कळदा कुटुंबात चालत आलेली असते. तिच्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. रंगीत काचांचा चष्मा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी ती जाते असेही सिद्ध झालेले नाही. तिच्यावर इलाज एकच, आणि तो म्हणजे योग्य पद्धतीने, दीर्घकाळ आणि नेमाने शिकवणे.

शासकीय कागदपत्रांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हा शब्दप्रयोग येतो. तो अधिक व्यापक आहे. वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींतील अडचणी त्यात मोडतात. डिसलेक्सिया हा त्यांतील सर्वांत मोठा भाग होय. जगभरच्या शालेय वयाच्या मुलांत अशा अडचणींचे प्रमाण पाच ते पंधरा टक्के असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. यांतील कमीत कमी आकडा धरला तरी वीस मुलांच्या वर्गात एक मूल येते.

मराठी वाचताना ही अडचण कशी दिसते, हे शिक्षकाने जाणणे अगत्याचे आहे. कारण या विषयावरील बहुतेक लिखाण इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना समोर ठेवून झालेले आहे. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांचा मेळ नसल्याने तेथील मूल शब्दच चुकीचा वाचते. देवनागरीत जसे लिहावे तसे बहुतांशी बोलले जाते. त्यामुळे आपल्याकडील मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण अतिशय हळू वाचते. एक वाक्य संपेपर्यंत त्याच्या आरंभी काय होते हे ते विसरते. शिक्षक म्हणतात, ‘याला वाचता येते, पण समजत नाही.’ वस्तुतः तीच गोष्ट वाचून दाखवली तर त्याला पूर्ण समजते. वाचनासाठीच सारी शक्ती खर्ची पडल्याने अर्थासाठी ती उरत नाही, असा हा प्रकार आहे.

आपल्या लिपीचे काही अवघड घाटही आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. र हे एकच अक्षर कर्म, क्रम, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत चार वेषांनी येते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांच्यात एखाद्या रेषेचाच फरक आहे. पहिली-दुसरीत सर्वच मुले येथे घसरतात. तेवढ्यावरून कोणाही मुलास डिसलेक्सिक ठरवू नये. तिसरीचे वर्ष अर्धे सरल्यावरही मात्रा गळणे, अनुस्वार सुटणे, जोडाक्षर टाळून जवळपासचा दुसराच शब्द म्हणणे, फळ्यावरून उतरवताना ओळ हरवणे आणि एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिणे हे चालूच राहिले, तर मात्र शिक्षकाने वही काढून नोंद करावयास लागावे.

आधी इतर कारणे पाहावीत

केशोरीसारख्या भागात ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. हा मुलूख झाडीबोलीचा आहे. त्या बोलीत ण नाही, ळ नाही, श आणि ष यांचा भेद नाही. येथील मूल पाण्याला पानी म्हणते आणि काळ्याला कारा. ते तसेच लिहीत असेल तर त्याने आपला कान प्रामाणिकपणे कागदावर उतरवला आहे. ध्वनी ओळखून त्याचे चिन्ह लिहिणे हीच तर वाचनाची गुरुकिल्ली. ती या मुलाच्या हाती आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा लेखनावर तांबडी रेघ मारून त्याची गणना अक्षमतेत करणे हा अन्याय होईल. याच परिसरात गोंडी बोलणारी घरे आहेत, आणि गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकातील मराठी बोलली जात नाही, त्याची पहिली दोन वर्षे भाषा शिकण्यात जातात. तेव्हा ओळखीची एक सोपी कसोटी अशी : मुलाला त्याच्या घरच्या बोलीत गोष्ट सांगता येते काय? त्याच बोलीतील शब्दाचा पहिला ध्वनी तो ओळखतो काय? मका आणि मामा यांचा आरंभ सारखा आहे, हे त्याला ऐकून कळते काय? दोन वर्षे शाळेत नियमित येऊनही घरच्या शब्दांतील ध्वनी ज्याला वेगळे करता येत नाहीत, त्याच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. ज्याला ते करता येतात, त्याला बहुधा मराठीची सवय आणि वेळ हवा आहे.

दुसरे कारण शरीराचे. वाहणारा कान ही गावाकडील अगदी सामान्य तक्रार. पण पावसाळाभर कान वाहणाऱ्या मुलाला त आणि थ, प आणि फ यांतील अंतर ऐकूच येत नाही. नजर कमी असणारे मूल फळा दिसत नाही असे सांगत नाही, कारण इतरांना तो कसा दिसतो हे त्याला ठाऊक नसते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. वेदना आणि थकवा यांमुळे अशा मुलांची शाळा वारंवार बुडते. रक्तक्षयाचेही तसेच.

तिसरे कारण शिकवण्याचे आहे, आणि ते बोलून दाखवणे थोडे अवघड आहे. २०११ ते २०१६ या काळात आजच्या पालघर जिल्ह्यातील वाडा भागात मराठीतून आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कन्नडमधून वाचन शिकणाऱ्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. सोनाळे येथील क्वेस्ट ही संस्था त्यात सहभागी होती. वर्गाचा पुष्कळ वेळ अक्षरे उतरवून काढण्यात जातो आणि अर्थपूर्ण वाचनास फारच थोडा मिळतो, असे त्यात दिसून आले. जेथे वर्गातील निम्मी मुले अडखळतात तेथे निम्म्या मुलांना डिसलेक्सिया झालेला नसतो. तेथे शिकवण्याची रीत तपासावयास हवी. निम्म्यांची गाडी मार्गी लागल्यावरही जी एक-दोन मुले जागच्या जागी राहतात, त्यांच्यासाठी पुढील मार्ग आहे.

तपासणीचा मार्ग

या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास उल्लेखनीय आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा औपचारिक निर्णय घेणारे देशातील पहिले राज्य महाराष्ट्र होय. हे १९९६ मध्ये घडले. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी करणारे विभाग चालू झाले. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि डिसलेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. तथापि या साऱ्याचा लाभ प्रामुख्याने मोठ्या शहरांतील आणि इंग्रजी माध्यमातील मुलांना झाला, हे मान्य करावयास हवे. शिवला जाणारी लोकल आणि केशोरीहून गोंदियाला जाणारी वाट यांत जे अंतर आहे, तेच अंतर या लाभातही पडले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे ही स्थिती बदलण्यास कायद्याचा आधार मिळाला. एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. मुलांमधील अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य उपाय योजणे, हे शैक्षणिक संस्थांचे कर्तव्य आहे असे या कायद्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मुंबईच्या शाळेइतकेच ते केशोरीच्या शाळेचेही कर्तव्य झाले.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने तपासणीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या; २०२४ मध्ये दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनाच्या सूचना पुन्हा सुधारण्यात आल्या. २०१८ च्या सूचनांनी जो क्रम घालून दिला तो शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मूल तिसरीत आले की, किंवा आठ वर्षांचे झाले की, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, शाळेतील शिक्षकाने त्याची प्राथमिक चाचपणी करावयाची. शंका आल्यास मुलास तपासणीसाठी पाठवावयाचे. तेथे बालरोगतज्ज्ञ दृष्टी, श्रवण आणि मज्जासंस्था तपासतात. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक पाहतात. आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणित यांच्या खास चाचण्या होतात. या चाचण्यांसाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच नेमून देण्यात आला. प्रमाणपत्र मिळाल्यावर चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी असते. अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे धरले जाते.

आठ वर्षांची अट पाहून काही पालक व शिक्षक दुसरीपर्यंत स्वस्थ बसतात. ही समजूत चुकीची आहे. आठ वर्षांची अट प्रमाणपत्रास आहे, मदतीस नाही.

गावातून या मार्गाला लागण्याचे सर्वांत जवळचे दार म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे त्याचा आरंभ झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. वजन, दात, डोळे यांची तपासणी सर्वांना माहीत आहे. पण पथकाने शोधावयाच्या तीस प्रकारांच्या यादीत अध्ययनातील अडचणी आणि अतिचंचलता यांचाही अंतर्भाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. एका दिवसात सारी शाळा तपासणाऱ्या डॉक्टरांना एखादे मूल वाचू शकत नाही हे उमगणे शक्य नसते. ते शिक्षकानेच सांगावे लागते. पथक येण्याच्या दिवशी अशा मुलांची नावे आणि नोंदवही तयार ठेवली, तर पथक मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. दुसरे दार समग्र शिक्षेतील समावेशित शिक्षणाचे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक व तज्ज्ञ यांच्याकडे केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी करावी. लेखी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तोंडी निरोप तालुक्याच्या वाटेवर हरवतात.

नोंदवहीत काय असावे? मोठमोठे शब्द नकोत. ‘वाचनात कच्चा’ या शेऱ्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. ‘१० जुलै : दुसरीच्या पुस्तकातील पाच ओळी वाचावयास सहा मिनिटे, जोडाक्षरे सर्व सोडली, तोच मजकूर ऐकवल्यावर चारही प्रश्नांची उत्तरे बरोबर’ ही एकच नोंद पुष्कळ बोलते. महिन्यातून दोन अशा नोंदी, मुलाच्या लेखनाची दोन पाने, हजेरीचा गोषवारा, घरची बोली आणि आतापर्यंत वर्गात कोणते उपाय करून पाहिले याची माहिती, एवढे कागद बरोबर असले की तपासणाऱ्याचे निम्मे काम होते.

गोंदियास जाण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारणा करणे सर्वांत शहाणपणाचे. मंडळ कोणत्या दिवशी बसते, मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी उपलब्ध आहेत काय, चाचणी तेथेच होईल की पुढे नागपूरला पाठवतील, कोणते कागद हवेत, हे आधी कळले पाहिजे. केशोरीच्या मजुराला गोंदियाला जाऊन येण्यास एक दिवस लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन हेलपाटे रिकामे गेले की तिसऱ्यांदा तो येत नाही. याचा दोष त्याला देता येणार नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. हे काम गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा शाळेच्या संगणकावरून आधीच करून ठेवता येते.

चाचणी कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न पालकांनी व शिक्षकांनी अवश्य विचारावा. मराठीतून शिकणाऱ्या मुलाची वाचनचाचणी इंग्रजीतून घेतली तर तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी डिसलेक्सियाच्या चाचण्यांचा ‘डाली’ हा संच तयार केला. हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांच्याबरोबर त्यात मराठीही आहे. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन गटांसाठी शिक्षकांना वापरता येतील अशा प्राथमिक चाचण्याही त्यात आहेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तालुक्यातील काही शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण दिले तर पहिली चाळणी केशोरीतच होऊ शकेल. अशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने वर जाण्यास काहीच हरकत नाही.

प्रमाणपत्राने काय मिळते, काय मिळत नाही

परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणितात साधनांची मुभा अशा स्वरूपाच्या सवलती प्रमाणपत्रामुळे मिळतात. लेखी परीक्षांसाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या सूचनांत दर ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याचे तत्त्व आहे. पुढे शासकीय उच्च शिक्षण संस्थांतील प्रवेश आणि शासकीय नोकरी यांतील आरक्षण हे लाभ ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाच्या अटीवर आहेत. हे सारे हक्क आहेत. कोणी उपकार म्हणून देत नाही.

तरीही पालक बिचकतात, आणि त्यांचे बिचकणे समजून घेतले पाहिजे. प्रमाणपत्रावर दिव्यांग असा शब्द येतो. मुलगी असेल तर पुढे तिच्या लग्नाच्या वेळी हा कागद आडवा येईल काय, असे आई विचारते. ‘पोरगी सगळं काम करते, मग ही दिव्यांग कशी?’ असे आजी विचारते. त्यांना उत्तर असे द्यावे की, तपासणी करून घेतल्याने प्रमाणपत्र घेण्याची सक्ती होत नाही. निदान कळणे ही एक गोष्ट, कागद घेणे ही दुसरी. कागदाची खरी गरज मोठ्या परीक्षांच्या वेळी लागते. निदानाची गरज मात्र आजच आहे, कारण त्यावरून उद्याच्या तासाला कसे शिकवावयाचे हे ठरते.

याची दुसरीही बाजू आहे. प्रमाणपत्राने जादा वेळ मिळतो, वाचता येत नाही. लेखनिक मिळाला म्हणून शाळेने वाचन शिकवणे थांबवले, तर दहावी उत्तीर्ण होऊनही त्या मुलाला बँकेतील अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीची तारीख सहा महिन्यांनी मिळाली तर ते सहा महिने मुलाने वाट पाहण्यात घालवू नयेत. जे शिकवणे डिसलेक्सियाला लागू पडते तेच इतर कोणत्याही कारणाने अडलेल्या मुलालाही उपयोगी पडते. निदान काहीही निघो, नुकसान काहीच नाही.

वर्गात करावयाचे काम

यासाठी वेगळी खोली किंवा महागडे साहित्य लागत नाही. रोज अर्धा तास लागतो, आणि तो रोज लागतो. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी फलदायी ठरतो. तीन-चार मुलांचा गट असावा. द्विशिक्षकी शाळेत हे कठीण आहे, हे खरे; परिपाठानंतरचा वेळ, किंवा इतर मुले स्वाध्याय करीत असतानाचा वेळ यासाठी राखणे शक्य आहे.

आरंभ कानापासून करावा. पुस्तक बंद ठेवून शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजणे, पहिला ध्वनी काढून टाकल्यावर काय उरते ते सांगणे, एकाच ध्वनीचे शब्द गोळा करणे हे खेळ घरच्या बोलीतही चालतात, किंबहुना तेथूनच सुरू करावेत. मग अक्षरे. संपूर्ण बाराखडी पाठ करून घेण्याचा मोह टाळावा. अडणाऱ्या मुलाला ती गाण्यासारखी पाठ होते आणि मधलेच अक्षर विचारले की त्याला पुन्हा क पासून यावे लागते. थोडी अक्षरे घ्यावीत व त्यांतून लगेच शब्द बनवावेत. क, न, म, ध, ब ही पाच अक्षरे आणि एक काना एवढ्याच सामग्रीतून धान, कान, नाक, काम, मका, बाक, मान, कमान, मामा, काका, बाबा हे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात आपण ‘मामा धान’ वाचले, हे त्या मुलाला प्रथमच कळते. ध पक्का होईपर्यंत घ पुढे आणू नये, आणि म शिकवताना भ ला रजा द्यावी. बोट वाळूत किंवा ताटातील तांदळात फिरवून अक्षर गिरवावे, तोंडाने त्याचा ध्वनी म्हणावा, कानाने ऐकावा. तिन्ही एकाच वेळी. नवी मात्रा तेव्हाच, जेव्हा जुनी न अडखळता येते. रफाराचे चारही वेष एका दिवशी दाखवू नयेत.

तोच छोटा उतारा आठवडाभर वाचून घ्यावा. पहिल्या दिवशी शिक्षकाने वाचावा, दुसऱ्या दिवशी दोघांनी बरोबर, नंतर मुलाने एकट्याने. वेग वाढतो तो नव्या मजकुराने नव्हे, ओळखीच्या मजकुराने. फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी बोलीभाषा बोलणाऱ्या आणि वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी दीर्घकाळ काम केले. मुलांची बोली जाणून घेऊन शिकवणे काय साधू शकते, याचे ते उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ते पाहावयास परदेशी जाण्याची गरज नाही.

वाचन सावकाश सुधारत असताना मुलाचे इतर शिक्षण खोळंबता कामा नये. परिसर अभ्यासाचा धडा त्याला वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे आणि त्याचे गुण द्यावेत. गणितातील शाब्दिक उदाहरण कोणीतरी वाचून द्यावे. उदाहरण तो सोडवील. सर्वांसमोर उभे करून वाचावयास लावणे मात्र पूर्ण थांबवावे. त्यातून कोणतेच शिक्षण होत नाही. वर्गाला हसू येते आणि मूल दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते.

पंचायत सदस्यांना या कामात अनेक प्रकारे हात देता येईल. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. या रकमेचा विचार करताना बहुतेक ठिकाणी चालता न येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या व्यक्तींचीच आठवण होते, कारण त्यांचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसते. शासन निर्णयांच्या मर्यादेत अध्ययन अक्षम मुलांसाठी या निधीतून काय करता येईल, हे ग्रामसेवकांनी गटविकास अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावे. समग्र शिक्षेतील प्रवास व मदतनीस भत्त्यांची चौकशीही करावी. त्याहून सोपे काम म्हणजे तपासणीच्या दिवशी केशोरी आणि आसपासच्या गावांतील पाच-सहा मुलांची एकत्र ने-आण घडवून आणणे. एकट्या आईला जे अवघड वाटते ते चार जणी बरोबर असल्या की सहज होते, आणि केंद्रावरील तज्ज्ञांनाही एका दिवसाचे काम आधी कळते.

मूल चौथी किंवा पाचवीनंतर दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा त्याची नोंदवही बहुधा जुन्या शाळेच्या कपाटात राहते आणि नव्या शाळेत ‘लक्ष नाही’ पासून पुन्हा आरंभ होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर या नोंदवहीची प्रत नव्या मुख्याध्यापकांच्या हाती देण्याची प्रथा केंद्रप्रमुखांनी पाडावी. ज्यांनी आठव्या-नवव्या वर्षी प्रमाणपत्र घेतले, त्यांची फेरतपासणी चौदाव्या वर्षी येते, म्हणजे साधारणपणे आठवी-नववीत. ती राहून गेली तर दहावीचा अर्ज भरताना प्रमाणपत्र जुने ठरून सवलत अडते. म्हणून माध्यमिक शाळेने नववीच्या आरंभीच अशा विद्यार्थ्यांची यादी करून जिल्हा रुग्णालयाकडून तारीख मागून घ्यावी आणि मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव दहावीच्या पहिल्या सत्रातच पाठवावा.